टोकाकडून बांधलेला पाट

आमच्या गावचा तलाव गावापेक्षा मोठा आहे. बाहेरचा पाहुणा आला की पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो आणि म्हणतो, "तुम्हाला काय कमी, एवढं पाणी!" अशा पाहुण्याचा मला मनापासून राग येतो. पाणी दिसणं वेगळं आणि पाणी मिळणं वेगळं, हे त्याला कोण सांगणार? ते कळायला पाटाच्या टोकाला एखादी बांधी असावी लागते. माझ्या बाबांची आहे.

बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, चारी बाजूंनी मातीचे धुरे घालून पाणी अडवलेला. तलावातून एक मातीचा पाट निघतो, या बांधीला पाजत, त्या बांधीला पाजत खाली उतरतो आणि बाबांच्या बांधीशी येऊन संपतो. तलावाजवळच्या बांध्या गावातल्या जुन्या शेतकरी घरांच्या. शेवटच्या बांध्या आमच्या बौद्ध मोहल्ल्याच्या. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली, देव सोडले, वागणं बदललं, मुलं शिकवली. बांधीची जागा तेवढी त्यांना बदलता आली नाही.

धानाला रोवणीच्या वेळी आभाळातलं पाणी पुरतं. खरी परीक्षा नंतर असते. दसऱ्याच्या आगेमागे धान निसवतो, पोटातली लोंबी बाहेर येते, तेव्हा त्याला एकदा पोटभर पाणी लागतंच. नेमका तेव्हा पाऊस पाठ फिरवतो. त्या एका पाण्यावर वर्षाचा भात ठरतो. पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही तर लोंबी उभीच्या उभी पांढरी पडते आणि हातात नुसता कोंडा येतो. माझ्या लहानपणी बाबांच्या बांधीला ते पाणी मिळायचं. दरवर्षी नाही, पण मिळायचं. कसं, ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातच आहे.

ज्येष्ठात, पाऊस यायच्या आधी, गावाने मिळून पाट साफ करायची रीत होती. वर्षभरात त्यात गाळ बसतो, बेशरमीची झुडपं माजतात, खेकडे बिळं करतात. घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा. बाबांचा आवाज मोठा, म्हणून हाक द्यायचं काम त्यांच्याकडे. उजाडताच ते मोहल्ल्यातून निघायचे आणि थेट पाटलांच्या घरापर्यंत ओरडत जायचे, "पाट काढाले चला जी! पाट काढाले!" एरवी त्या आळीत आमच्या माणसांनी आवाज चढवलेला चालायचा नाही. त्या सकाळी चालायचा.

आणि काम सुरू व्हायचं टोकाकडून. तलावाकडून नाही. आधी आमच्या शेवटच्या बांधीजवळचा पाट उकरायचा, मग त्याच्या वरचा, असं करत करत तलावाला जाऊन भिडायचं. पाट भिडल्याशिवाय तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, कोणी उघडायचं नाही. ही रीत कोणी पाडली माहीत नाही, पण पाडणारा माणसं ओळखून होता. तलावाकडून सुरुवात केली असती तर पहिल्या बांधीवाल्याचा पाट सकाळीच साफ झाला असता आणि त्याला लगेच बैल पाजायचे आठवले असते. दुसऱ्याची कंबर दुखली असती. टोकापर्यंत पोचेस्तोवर आमचेच चार लोक उरले असते. टोकाकडून सुरुवात केली की पळायची सोय नाही. ज्याला आपल्या बांधीत पाणी हवं, त्याने आधी आमचा पाट उकरायचा.

दुपारी पाट तलावाला भिडला की सगळे पारीवर जेवायला बसायचे. बसायच्या जागा वेगळ्या होत्या, ते मी लपवणार नाही. आमचे लोक मोहाच्या झाडाखाली, बाकीचे देवळाच्या सावलीत. पण सकाळभर फावडी एका ओळीत चाललेली असायची आणि चिखल सगळ्यांच्या अंगावर सारखाच असायचा. मी बाबांना भात आणि लाखोरीचं वरण घेऊन जायचे. बाबा त्या दिवशी फार खुशीत असायचे. एक दिवस का होईना, गाव आमच्या बांधीपासून सुरू व्हायचं.

मी लग्न होऊन गेले ती दोन घरं सोडून. गावातली चेष्टा अजून संपलेली नाही: हिच्या वरातीला घोडा कशाला, कुत्रं भुंकायच्या आत पोचली. माझे मालक तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला आहेत, सकाळी मोटारसायकलने जातात, संध्याकाळी अंगावर कोंडा घेऊन येतात. मी घरी ब्लाउज शिवते. बी.ए. झालेली आहे, पण त्या कागदापेक्षा मशीनने जास्त कमावून दिलं. अशी सरळ चाललेली बाई राजकारणात कशी पडली, तर आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव निघाली आणि मोहल्ल्यातल्या बाकी बायकांनी ठरवलं की हिचं तोंड चालतं, हिलाच पाठवा.

मला ग्रामपंचायतीत जाऊन एकच काम करायचं होतं: पाट पक्का करायचा, सिमेंटचा, तलावापासून बाबांच्या बांधीपर्यंत. बाबांचं वय झालं होतं. गेल्या काही वर्षांत पाट काढायला माणसं कमी येत होती. तरणी पोरं नागपूरला, पुण्याला गेलेली. जी होती ती म्हणायची, मजुरी देता का? रीत मोडली नव्हती, पण तिचे गुडघे दुखायला लागले होते. पक्का पाट झाला म्हणजे गाळ बसणार नाही, कोणाची वाट पाहावी लागणार नाही, बाबांना त्यांच्या म्हातारपणात निसव्याचं पाणी हक्काने मिळेल, असं माझं साधं गणित होतं.

गावात सरकारचा पैसा आला नाही असं कोणी म्हणू नये. पुष्कळ आला. सिमेंटचा रस्ता झाला, दोन वर्षांनी त्याच रस्त्यावर दुसरा सिमेंटचा रस्ता झाला. आता तो घरांच्या उंबरठ्यापेक्षा उंच आहे आणि पावसाचं पाणी नालीत जायच्या ऐवजी लोकांच्या घरी पाहुणं जातं. वेशीवर स्वागताची कमान झाली. आंधळगावच्या बाजाराहून परत येणाऱ्या आमच्याच बायकांचं ती रोज स्वागत करते. सौरदिवे लागले, त्यांच्या बॅटऱ्या गेल्या, खांब राहिले. समाजमंदिरापुढे लोखंडी व्यायामशाळा बसवली, कंबर फिरवायचं यंत्र, पाय हलवायचं यंत्र. दिवसभर चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बाईने संध्याकाळी येऊन कंबर फिरवावी अशी सरकारची इच्छा. माझी शेजारीण म्हणते, गोधड्या वाळवायला तिच्यासारखी जागा नाही.

पाटाचं मात्र घोडं पेंड खात होतं. ग्रामपंचायतीच्या ठरावापासून सुरुवात झाली. मग मोहाडीला पंचायत समिती, मग भंडाऱ्याला. प्रत्येक ठिकाणी एक भला माणूस भेटायचा आणि म्हणायचा, ताई, हे आमच्याकडे येत नाही. तलाव एका खात्याचा, पाट दुसऱ्याचा, पाटाच्या कडेची जमीन तिसऱ्याची. मी शिवणकाम करणारी बाई, मला एवढं कळत होतं की बाही एकाने, गळा दुसऱ्याने आणि पाठ तिसऱ्याने शिवली तर तो ब्लाउज कोणाच्या अंगात जाणार नाही. पण मी चिकट आहे. साहेब बदलले, मी बदलले नाही. शेवटी एका योजनेत आमचा पाट बसला. बातमी आली तेव्हा मी मशीनवरून उठून तशीच बाबांकडे पळाले, गळ्यात मापाची टेप तशीच. बाबा खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "माय, मले वाटलं तू मले पोचवल्यावरच पाट पोचन." आणि हसले. मला रडू आलं. मी ते दाखवलं नाही.

काम मंजूर झालं तेव्हा हिवाळा सरत आला होता. पैसा मार्चच्या आत खर्च व्हायला हवा, नाही तर परत जाणार, असं साहेबांनी सांगितलं. ठेकेदार आला, त्याच्यासोबत खात्याचे तरुण साहेब आले, आणि पारीवर बैठक झाली. सगळं गाव होतं. आधी फलक लागला. त्यावर योजनेचं नाव, रक्कम आणि पाटाची लांबी, तलावापासून शेवटच्या बांधीपर्यंत. फलकावर पाट पुरा झालेला होता. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी म्हणतात, आमच्याकडे लिहिलेली होती एवढाच फरक.

साहेबांनी विचारलं, "काम कुठून सुरू करायचं?"

तलावाजवळच्या बांध्यांमध्ये तेव्हा उन्हाळी धान उभा होता. त्या शेतकऱ्यांकडे बोअर आहेत, त्यांना दोन पिकं येतात. उभ्या धानात मशीन घालायला त्यांची तयारी नव्हती. त्यातला एक जुना, वजनदार माणूस उठला आणि म्हणाला, "आमच्या गावात पाटाचं काम टोकापासूनच होते जी. बापजाद्यापासून."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आणि बाबा तर उभेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसापुढे बोलले, "हो साहेब. टोकापासून. मंग कोनी पळत नाही." लोक हसले. साहेबांनाही ते आवडलं, कारण टोकाची जमीन कोरडी होती आणि मशीन सरळ आत जात होतं. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. बैठक संपली, चहा झाला. त्या चहाच्या वेळी गावात माझ्याइतकं सुखी माणूस दुसरं नव्हतं.

रीत आमची बरोबर होती. फक्त ती फावड्यांसाठी होती. टोकाकडून सुरू केलेलं काम तलावापर्यंत जायचं, कारण मधल्या प्रत्येकाला पाण्याची गरज होती. ठेकेदाराला पाण्याची गरज नव्हती. हे सरळ आहे, आज कोणालाही दिसेल. त्या दिवशी पारीवर बसलेल्या एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकालाही दिसलं नाही.

काम सुरू झालं. आधी मशीनने जुना मातीचा पाट पार मध्यापर्यंत उकरून टाकला आणि माती वरच्या बाजूला ढकलली. मग टोकाकडून सिमेंट पडत गेलं. काम चांगलं होतं, खोटं का बोलू. तळ गुळगुळीत, काठ सरळ. बाबा रोज दुपारी गोणपाटाच्या तुकड्यावर पाणी मारून ओलं सिमेंट झाकायचे. कोणी सांगितलं नव्हतं. ठेकेदाराच्या माणसांना ते भाकरीसोबत कांदा नेऊन द्यायचे. संध्याकाळी पाटात उतरून आतून चालत जायचे आणि येऊन मला सांगायचे, "आज बाभळीपर्यंत गेलो. एकबी खडा लागला नाही पायाले."

मार्च संपला आणि मशीन गेलं. सिमेंटचा पाट अर्ध्यावर थांबला होता. त्याच्या पुढे उकरलेल्या मातीचा ढिगारा, ढिगाऱ्याच्या पुढे बेशरमीचं रान, आणि त्याच्याही पुढे तलावाकडून येणारा जुना पाट. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, लोखंडाचे भाव वाढले, तेवढ्या निधीत तेवढंच बसलं. उरलेलं दुसऱ्या टप्प्यात." मी विचारलं, दुसरा टप्पा कधी? ते म्हणाले, प्रस्ताव पाठवू. मी मोहाडीला गेले. तिथे कळलं की पहिल्या टप्प्याचं काम पूर्ण दाखवल्याशिवाय दुसरा टप्पा मागता येत नाही, आणि काम पूर्ण दाखवलं तर दुसऱ्या टप्प्याची गरज काय, असा प्रश्न वरून येतो. हे मला एका बाईनेच समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने, स्वतःच्या डब्यातली चकली देऊन.

ज्येष्ठ आला. बाबा नेहमीसारखे उजाडताच उठले आणि हाक देत निघाले. मी ओट्यावरून पाहत होते. मोहल्ल्यातून पाचसहा जण निघाले. पाटलांच्या आळीतून कोणी निघालं नाही. बाबा एका एका घरापुढे थांबत होते. एका घरातून उत्तर आलं, "आता कायले जी? आता सरकारचा पाट हाय ना." दुसऱ्याने विचारलं, "तुमच्या बाईनं आनला ना पाट? मंग तिलेच सांगा." वाईट मनाने कोणी बोललं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की गावाचं काम संपलं. सरकारने अर्धा पाट बांधला आणि पुरी रीत उचलून नेली. मला त्यांचा राग आला, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

मोहल्ल्यातलेच लोक ढिगाऱ्यापाशी गेले. मीही फावडं घेऊन गेले, मालकांनी मिलला दांडी मारली. मधली माती काढून जुना पाट आणि सिमेंटचा पाट जोडायचा, एवढंच करायचं होतं. वेळ लागला असता, पण झालं असतं. अर्धी सकाळ गेली असेल नसेल, ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर आला. म्हणाला, "हात नका लावू. काम चालू आहे, मोजमाप व्हायचं आहे. इथली माती हलली तर बिल अडकेल, आणि बिल अडकलं तर तुमचा पुढचा टप्पा विसरा." आमच्यातला एक जण म्हणाला, अडकू दे. मी मात्र साहेबांना फोन लावून खात्री केली. साहेब म्हणाले, तो बरोबर बोलतो आहे, थोडं थांबा. बाबांनी फावडं खांद्यावर टाकलं. पुढच्या टप्प्याच्या आशेवर आम्ही घरी आलो.

त्या वर्षी पाट न भिडताच तुडुम उघडलं. कोणी विचारलंही नाही.

पाऊस सुरुवातीला चांगला झाला. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, चांगले आले, रोवणी वेळेवर झाली. बाबांची बांधी आषाढात अशी हिरवी होती की जाणारा येणारा थांबून बघायचा. गणपतीनंतर आभाळ कोरडं पडलं. आज येईल, उद्या येईल करता करता धान निसव्याला आला. तलाव काठोकाठ भरलेला होता. पहिल्या बांध्यांमध्ये पाणी इतकं होतं की धुऱ्यावरून चालताना चपला भिजायच्या. पाणी जुन्या पाटाने खाली यायचं, ढिगाऱ्याला टेकायचं आणि बाजूच्या खोलगट पडीत जमिनीत पसरायचं. तिथे म्हशी डुंबायच्या. बाबांच्या बांधीत भेगा पडायला लागल्या होत्या.

मी सगळं करून पाहिलं. इंजिन लावून पाइपने पाणी आणायचं म्हटलं तर पाइप सगळ्यांच्या उभ्या धानातून न्यायचा, कोण नेऊ देणार? दोन घरं तयार झाली, तिसरं नाही झालं. ढिगारा फोडायला आता माणसं मिळेनात, जो तो आपल्या धानात. सरपंचांना म्हटलं. ते म्हणाले, मोजमाप झालं नाही, मी हात लावला तर माझ्यावर येईल. तरी एका दुपारी मालक आणि मी दोघंच गेलो आणि फावडी घातली. ढिगारा उन्हाने दगड झाला होता. हाताला फोड आले, माती टोपलंभर निघाली. बाबा मला काही म्हणायचे नाहीत. रोज सकाळी बांधीवर जायचे आणि परत यायचे. मीच एकदा चिडून म्हटलं, "रोज काहून जाता बाबा? तिथं काय बदलून राहिलं?" ते म्हणाले, "काई नाही. धान एकटा उभा असते ना." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

आणि अशात एक दिवस साहेबांचा फोन आला. पाहणी आहे, काम पूर्ण झाल्याचे फोटो लागणार आहेत, सदस्य म्हणून तुम्ही हजर राहा. मला वाटलं, चला, ढिगारा आता यांच्या डोळ्यांना दिसेल. मी इस्त्रीची साडी नेसले. मनात बोलणं जुळवत टोकाकडे गेले.

तिथे एक पाण्याचा टँकर उभा होता. टोकाच्या थोडं वर सिमेंटच्या पाटाला रस्ता लागतो, तिथपर्यंत तो आणला होता. पाइप पाटात सोडलेला. साहेब होते, ठेकेदार होता, एक फोटो काढणारा होता. फलक पुसून चकचकीत केला होता. मी काही विचारायच्या आत नळ उघडला आणि पाटातून पाणी निघालं. स्वच्छ पाणी, सरळ काठांमधून, खळखळ करत टोकाकडे. दिसायला फार सुंदर दिसत होतं, हे मी आजही नाकारणार नाही.

बाबा आपल्या बांधीच्या धुऱ्यावर बसले होते. रस्ता त्यांच्या पाठीमागे होता, मधे झुडपं होती. त्यांना टँकर दिसला नव्हता. त्यांना फक्त पाणी दिसलं. ते असे उठले की मला वाटलं पडतात. "पानी आलं!" ते ओरडले. तोच आवाज, जो ज्येष्ठात गाव उठवायचा. "बाई, पानी आलं! धावा, पानी आलं!" त्यांच्याकडे फावडं नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी धुऱ्याची माती ओढायला लागले. धुऱ्याला तोंड पडलं. पाणी वळलं आणि बांधीत शिरलं. भेगांमध्ये जाताना त्याचा आवाज येत होता. बाबा बसल्या जागी त्याच्याकडे बघत होते आणि हसत होते.

टँकर रिकामा झाला की ही धार थांबणार, हे मला दिसत होतं. काय सांगणार?

पाणी बांधीत वळल्यामुळे पाटातली धार उतरली. फोटो काढणाऱ्याने मान हलवली. साहेब चार पावलं पुढे गेले आणि अगदी अदबीने म्हणाले, "आजोबा, ते तोंड थोडा वेळ बंद करता का? फोटोत पाणी दिसत नाही."

बाबांनी वर पाहिलं. साहेबांकडे, मग त्यांच्या मागे. साहेब बोलतात म्हणून ते उठून उभे राहिले होते, आणि उभ्या माणसाला झुडपांवरून टँकर दिसतो. टँकरच्या पाइपमधून येणारं पाणी दिसतं. मग खाली बसले आणि ओढलेली माती हातांनी परत लोटायला लागले.

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. लाज वाटू द्या म्हटलं, ढिगारा दाखवला, या पाण्यावर तुमची बिलं पिकतात आणि आमचा धान वाळतो म्हटलं, आणखी पुष्कळ. साहेबांनी हातातला मोबाइल खाली केला. माझं बोलून होईपर्यंत शांतपणे थांबले. मला धाप लागली तेव्हा त्यांनी तो पुन्हा वर केला. बाबाच मला म्हणाले, "राहू दे बाई. पाहुने लोक हायेत. पोराले बी घरदार असन." त्यांनी धुऱ्याचं तोंड नीट बुजवलं, हाताने थापून. पाटात धार परत चढली. फोटो निघाले. टँकर रिकामा झाला, सगळे गेले.

त्या पाण्याने बांधीचा एक कोपरा ओला झाला होता. तेवढ्यात दोनचार लोंब्या भरल्या. बाकी सगळा धान आठवड्यात पांढरा पडला. काम पूर्ण झाल्याचं पत्र ग्रामपंचायतीत आलं, त्यावर माझीही सही मागितली. मी केली नाही. सही नसतानाही ते काम पूर्ण झालं.

कापणीचे दिवस आले. पहिल्या बांध्यांमध्ये विळे चालू होते, तुमसरच्या मिलच्या गाड्या गावात यायला लागल्या होत्या. बाबा म्हणाले, कोंडा कापायले मजूर कायले लावता, ढोरायले चारून टाकू. गावात आता बैलजोड्या फार उरल्या नाहीत, बाबांनी त्यांची अजून ठेवली आहे. ते बैल सोडून बांधीवर घेऊन गेले. मी मागे गेले. धुऱ्यावर पोचल्यावर बाबांनी कासरे सैल सोडले आणि म्हणाले, "खा रे."

बैल धुऱ्यावरच थांबले. लहानपणापासून त्यांना एकच गोष्ट शिकवलेली: उभ्या धानाला तोंड लावायचं नाही. लावलं की पाठीत बसायची, आणि ती बाबांच्याच हातची बसायची. ते मान खाली घालून उभे राहिले. बाबांनी आधी चुचकारलं. मग कासरा धरून ओढलं. बैलांनी पाय रोवले. शेवटी बाबांनी काठी उचलली.